दोन वर्ग, एक हस्तलिखित

आजचा विषय मुलांचा आहे, पण ऐकायचा आहे मोठ्यांनी. कारण हे काम सुरू करायचं झालं तर पहिला फोन आपल्यालाच करावा लागणार आहे.

सिंगापूरच्या सरकारी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा. इंग्रजी, गणित, विज्ञान आणि 'मदर टंग'. त्या मदर टंगच्या रकान्यात मराठी नाही. तमिळ ही इथली अधिकृत भाषा. तिच्याशिवाय बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू या पाच भारतीय भाषा घेता येतात. आपल्यातली बरीच मुलं हिंदी घेतात, शनिवारी हिंदीच्या वर्गाला जातात आणि परीक्षाही हिंदीची देतात. त्यात वाईट काहीच नाही. उलट देवनागरी आयती येते. फक्त 'बाळ' वाचायची वेळ आली की मूल थबकतं, कारण ळ त्याच्या हिंदीच्या पुस्तकात कधी भेटलेलाच नसतो.

मग कधीतरी मूल विचारतं, "आई, मराठी लिहायला शिकून मी ती लिहू कुणाला?" प्रश्न उद्धट नाही, व्यवहारी आहे. आपण म्हणतो, आजीला लिही. पण आजी फोनवर असते, आणि फोनवरचं बोलणं ठरलेलं असतं: जेवलास का, अभ्यास कसा चाललाय, कधी येणार. एवढ्या शब्दसंपत्तीवर भाषा दहाव्या वर्षापर्यंत कशीबशी तग धरते. पुढे तिला काम लागतं. करायला काम असेल तरच मूल शब्द शोधायला लागतं.

ते काम कुठून आणायचं, त्याची एक वाट मी आज सांगणार आहे. शिक्षणाच्या परिभाषेत तिला ऑनलाइन सहयोगी प्रकल्प म्हणतात. मी आपलं 'जोडप्रकल्प' म्हणते. दोन गावांतले दोन वर्ग मिळून एकच वस्तू तयार करतात, आणि ती अशी असते की एकट्या वर्गाला करताच येणार नाही. या शेवटच्या अटीवर माझा जोर आहे. दोन शाळांनी एकमेकींना व्हिडिओ कॉल केला, मुलांनी हात हलवले, एकानं गाणं म्हटलं, दुसऱ्यानं नाच केला, मग फोटो निघाला आणि संपलं. ही झाली ओळखपरेड. छान असते, पण दुसऱ्या दिवशी कुणाला कुणाची गरज उरत नाही.

ही कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. सेलेस्तां फ्रेने नावाचे एक फ्रेंच प्राथमिक शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुफ्फुसाला जखम झाली होती, वर्गात फार वेळ बोलवत नसे. त्यांनी शाळेत एक लहानसं छपाईयंत्र आणलं आणि मुलांनाच लिहायला, खिळे जुळवायला, छापायला लावलं. 1924 च्या सुमारास दक्षिण फ्रान्सच्या डोंगरातली ही शाळा आणि दूर ब्रिटनीच्या किनाऱ्यावरची एक शाळा यांच्यात टपाल सुरू झालं. छापलेली पानं जायची, यायची. डोंगरातल्या मुलांना समुद्रकाठच्या मुलांचं जगणं कळायला लागलं, आणि आपलं सांगायचं तर नीट सांगायला हवं, हेही कळलं. समोरच्याला आपलं गाव ठाऊक नसतं म्हणून तर वर्णन करावं लागतं. निबंधाच्या वहीत ती गरज नसते. तिथे वाचणाऱ्या बाईंना सगळं आधीच माहीत असतं.

आपल्याकडेही हस्तलिखिताची परंपरा आहेच. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हातानं 'छात्रालय' नावाचं दैनिक लिहून काढत. पुढे त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली, एका प्रांतातल्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा आणि माणसं जाणावीत म्हणून. शाळेच्या व्हरांड्यातलं भित्तिपत्रक तुमच्यातल्या अनेकांनी सजवलं असेल. जोडप्रकल्प म्हणजे तेच हस्तलिखित, फक्त त्याची अर्धी पानं इथे लिहायची आणि अर्धी तिकडे.

1988 मध्ये हे संगणकावरूनही झालं. न्यूयॉर्क राज्यातल्या काही शाळा आणि मॉस्कोतल्या काही शाळा एकमेकींना जोडल्या गेल्या, शीतयुद्ध अजून संपलेलं नसताना. त्यातून आयअर्न नावाचं शिक्षकांचं जागतिक जाळं उभं राहिलं. त्याची भारतातली शाखा आपल्या पुण्यातून चालते. त्यांची एक पद्धत मला फार शहाणपणाची वाटते, तिला लर्निंग सर्कल म्हणतात. सहा-आठ वर्गांचा गट करायचा. प्रत्येक वर्गानं एक प्रश्न मांडायचा आणि बाकीच्या सगळ्यांनी त्याला आपल्या गावातून उत्तर पाठवायचं. ज्यानं प्रश्न मांडला त्यानं ती उत्तरं संपादित करून पुस्तिका करायची. म्हणजे प्रत्येक वर्ग एकदा यजमान आणि बाकी वेळा पाहुणा. कुणी कायमचा शिकवणारा नाही, कुणी कायमचा शिकणारा नाही.

आणखी एक त्यांचाच, लहान मुलांसाठीचा प्रकार आहे. एका वर्गानं एक कापडी अस्वल टपालानं दुसऱ्या देशातल्या वर्गाला पाठवायचं. तिथली मुलं त्याला रोज कुणाच्या तरी घरी नेतात आणि अस्वलाच्या नावानं रोजनिशी लिहून पाठवतात: आज मी काय खाल्लं, कुठे गेलो, कशाला घाबरलो. आपल्याला तर टपालाचीही गरज नाही. दर आठवड्याला आपल्यातलं कुणी ना कुणी चांगी विमानतळावरून पुण्या-मुंबईला निघालेलंच असतं. जाताना चॉकलेटं, येताना भाजणी आणि मेतकूट. त्या बॅगेत एक कापडी बाहुला सहज मावतो.

आता सोलापूर जिल्ह्याकडे वळू. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी तुम्हाला माहीत असतीलच. 3 डिसेंबर 2020 ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं, 10 लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून टाकायचं ठरवलं. बातम्यांत गाजले ते त्यांचे पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड. पण आजच्या विषयाला जवळचा आहे तो त्यांचा दुसरा उपक्रम, 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स'. ज्या देशांमध्ये वैर आहे तिथल्या मुलांच्या जोड्या लावायच्या, म्हणजे भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा, आणि त्यांनी काही आठवडे एकमेकांशी बोलत, एकमेकांसाठी काही तयार करत राहायचं. माढ्याच्या खेड्यातल्या दोन-तीन खोल्यांच्या शाळेतला शिक्षक हे करू शकतो, तर सिंगापूरच्या वेगवान इंटरनेटवर बसलेल्या आपण साधनं नाहीत असं म्हणायला जागा नाही.

साधनं आहेत, अडचण घड्याळाची आहे. इथल्या शाळा सकाळी साडेसातच्या सुमारास भरतात, तेव्हा सोलापुरात पहाटेचे पाच वाजलेले असतात. तिकडची शाळा साडेदहाला भरते तेव्हा इकडे दुपारचा एक, प्राथमिकची मुलं घरी जायच्या बेतात. म्हणजे दोन वर्ग एकाच वेळी बाकांवर असण्याचा काळ जेमतेम अर्धा तास. वर्षाचं गणितही तसंच. इथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि नोव्हेंबरच्या मध्याला संपतं. तिकडे जूनच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. जूनमध्ये तिकडे शाळा उघडते तेव्हा इथे सुट्टी. दिवाळीत तिकडे सुट्टी आणि इथे एक दिवस. नीट मांडून पाहिलं तर दोन पट्टे मोकळे सापडतात: जुलै-ऑगस्ट, आणि जानेवारी ते मार्चचा पहिला आठवडा. सहा आठवड्यांचं काम त्यात आरामात बसतं. त्याहून मोठं काम घेऊ नका, अर्धवट राहतं.

आणि थेट कॉलवर भिस्त ठेवू नका. दोन वर्गांना एकाच वेळी बोलायला लावण्यापेक्षा एकानं पाठवायचं, दुसऱ्यानं आपल्या वेळेला उघडायचं, विचार करून उत्तर द्यायचं, हे मुलांच्या जास्त फायद्याचं. कॉलवर चुरूचुरू बोलणारं एक मूल सगळा वेळ खातं. लिहून किंवा आवाज रेकॉर्ड करून पाठवायचं असेल तर बुजरं मूलही तीनदा खोडून चौथ्यांदा नीट लिहितं. एप्रिल 2020 मध्ये आपल्या सगळ्यांच्या घरी शाळा आली होती तेव्हा आपण हे पाहिलं आहे. पडद्यासमोर तास भरवणं वेगळं आणि शिकणं वेगळं. कॉल एकच ठेवा, शेवटी, काम पुरं झाल्यावर. तो शनिवारी. तिकडे बऱ्याच शाळा शनिवारी सकाळी भरतात; त्यांचे साडेआठ म्हणजे आपले अकरा.

बरं, करायचं काय? मला सगळ्यात आवडतो तो सावलीचा प्रयोग, म्हणून त्याच्यावर जरा रेंगाळते.

सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी एराटोस्थेनिस नावाच्या ग्रीक विद्वानानं दोन गावांतल्या दुपारच्या सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढला. एका गावी सूर्य डोक्यावर, सावली नाही. उत्तरेच्या दुसऱ्या गावी त्याच दिवशी सावली पडते. त्या सावलीचा कोन आणि दोन गावांमधलं दक्षिणोत्तर अंतर, एवढं पुरलं. आता आपला योग पाहा. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा-दीड अंश उत्तरेला. 23-24 मार्चला भरदुपारी इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जमिनीत सरळ रोवलेल्या काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. त्याच दिवशी सोलापुरात एक मीटरच्या काठीची सावली 29 सेंटीमीटर पडते. त्यावरून कोन येतो साधारण सोळा अंश. सिंगापूरचं आणि सोलापूरचं अक्षवृत्त यांच्यात दक्षिणोत्तर अंतर आहे सुमारे 1,810 किलोमीटर. विमानाचं अंतर नाही बरं, ते तिरकं आणि बरंच जास्त. नकाशावर सरळ वर मोजायचं. 360 अंशात तो कोन जितक्या वेळा बसतो, तितक्यांनी 1,810 ला गुणा. उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास येतं. पृथ्वीचा घेर तेवढाच आहे.

सिंगापूरच्या मुलांना एकट्यानं हे जमणार नाही, त्यांची सावलीच हरवलेली. सोलापूरच्या मुलांनाही एकट्यानं जमणार नाही, कारण त्यांच्या 29 सेंटीमीटरची तुलना कशाशी करायची? आणि मोजणाऱ्यावर दुसऱ्याचं उत्तर अवलंबून असतं. तिकडच्या मुलानं 29 ऐवजी 28 सेंटीमीटर लिहिलं तर पृथ्वी तेराशे-चौदाशे किलोमीटरनं फुगते. मग इकडून निरोप जातो: काठी सरळ होती का? ओळंबा लावला होता का? जमीन सपाट होती का? आता बघा, 'ओळंबा' हा शब्द सिंगापूरच्या दहा वर्षांच्या मुलाला आणखी कुठे भेटला असता? तिकडे तो गवंडीकाम करणाऱ्या बापाच्या पोरानं सहज लिहिलेला असतो. आणि त्यात ळ आहे.

गंमत इथे संपत नाही. भरदुपार किती वाजता? मुलांना वाटतं बारा वाजता. त्या दिवशी सिंगापुरात सूर्य माथ्यावर येतो तो एक वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, आणि सोलापुरात साडेबाराच्या जरा पुढे. घड्याळांत अडीच तासांचा फरक आणि सूर्याला मात्र इथून तिथे जायला दोन तासही लागत नाहीत. असं का? मग कुणीतरी शोधून काढतं की सिंगापूरचं घड्याळ खरं म्हणजे सूर्याच्या पुढे धावतं. मलेशियानं आपली वेळ एक केली तेव्हा तिच्याबरोबर सिंगापूरनं 1 जानेवारी 1982 पासून काटे अर्धा तास पुढे घेतले. भूगोल, इतिहास आणि त्रैराशिक, सगळं एका काठीभोवती. तिकडच्या बाईंना एवढं मात्र आधीच विचारून ठेवा: मार्चमध्ये ऊन वाढलं की बऱ्याच ठिकाणी सकाळची शाळा होते, तेव्हा साडेबाराला मुलं थांबू शकतील का? सिंगापूरला हा योग पुन्हा 19-20 सप्टेंबरला येतो, पण सोलापुरात तेव्हा ढग असतात.

दुसरा विषय पाण्याचा. सिंगापूरचा पाऊस वर्षाला सुमारे 2,400 मिलिमीटर, सोलापूरचा त्याच्या चौथ्या भागाच्या आसपास. तरीही सिंगापूरला पाणी पुरत नाही, कारण साठवायला जमीन नाही. सगळा देश साडेसातशे चौरस किलोमीटरच्या आतला, सोलापूर जिल्हा त्याच्या वीस पट. म्हणून इथे जोहोरहून पाणी घेतात, समुद्राचं पाणी गोडं करतात आणि सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. तिकडे भीमेवर उजनीचं धरण, विहिरी, बोअर आणि उन्हाळ्यात काही गावांना टँकर. दोन्हीकडच्या मुलांनी एक आठवडा घरातलं पाणी मोजायचं, आपापल्या मापांत: इकडे शॉवरची मिनिटं, तिकडे घागरी आणि हंडे. मग दोन्हींचे लिटर करायचे. सिंगापुरात घरगुती वापर 2023 मध्ये माणशी दिवसाला सुमारे 141 लिटर होता. भारतात जलजीवन मिशननं खेड्यांसाठी ठरवलेलं माप 55 लिटरचं आहे. हे आकडे मुलांना आधी सांगू नका, त्यांचे त्यांना काढू द्या.

आणि इथेच सगळ्यात मोठा खड्डा आहे. आकडे समोर आले की आपल्याकडच्या एखाद्या पालकाला कळवळा येतो, आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज पडतो: आपण त्या शाळेला वॉटर फिल्टर देऊ या का? दप्तरं देऊ या का? भावना चांगली आहे. पण प्रकल्प चालू असताना कृपा करून देऊ नका. ज्या क्षणी एक वर्ग देणारा आणि दुसरा घेणारा होतो, त्या क्षणी तिकडची मुलं 'धन्यवाद' म्हणायला लागतात आणि 'काठी सरळ नव्हती तुमची' असं म्हणायचं थांबतात. मग प्रकल्प मेला. द्यायचंच असेल तर काम संपल्यावर, मुलांच्या नकळत, मुख्याध्यापकांशी बोलून.

तिकडच्यांकडे द्यायला काही नाही, या समजुतीत तर राहूच नका. कोविडच्या काळात सोलापूरच्या नीलमनगर भागात, जिथे घराघरांत फोन नव्हते, तिथल्या शाळेच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. मुलं गल्लीत अंतर ठेवून उभी राहायची आणि भिंत वाचायची. आपल्याकडे तेव्हा प्रत्येक मुलापुढे पडदा होता. 'तुम्ही तेव्हा कसे शिकलात?' एवढा एकच प्रश्न घेऊन दोन्ही वर्गांचं हस्तलिखित काढलं तरी ते वाचण्यासारखं होईल.

भाषेचं काय, हा प्रश्न येणारच. होतं असं की तिकडच्या शिक्षकांना वाटतं, परदेशातली मुलं मिळाली आहेत तर आपल्या मुलांचं इंग्रजी सुधारावं. आणि आपल्याला वाटतं, आपल्या मुलांचं मराठी सुधारावं. दोघंही बरोबर. यावर तोडगा आधीच बोलून काढा. मला सुचतो तो असा: मोजमापं आणि पत्रं मराठीत, आणि शेवटच्या हस्तलिखिताची इंग्रजी आवृत्ती दोघांनी मिळून करायची. पहिल्यात आपली मुलं अडखळतील आणि तिकडची सांभाळून घेतील; दुसऱ्यात उलट होईल. चुका दोन्हीकडच्या राहू द्यात. आईनं रात्री बसून शुद्ध करून दिलेलं पत्र लगेच ओळखू येतं. तिकडच्या मुलांनाही येतं.

शिवाय हेही ध्यानात घ्या की तिकडच्या प्रत्येक मुलाची घरची भाषा मराठी असेलच असं नाही. सोलापूर शहरात विणकरांच्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या बाजूला कन्नड. म्हणजे घरात एक भाषा, शाळेत दुसरी, आणि परीक्षेला तिसरीची धास्ती, हे आपल्या मुलांना वाटतं तसं फक्त सिंगापुरात घडत नाही. अक्कलकोटच्या एखाद्या मुलीनं लिहिलं की मीपण मराठी शाळेत आल्यावरच शिकले, तर आपल्या पोराला त्या एका वाक्यानं जो धीर येईल तो आपल्या दहा व्याख्यानांनी येणार नाही.

आता थोडं काळजीचं. मुलांचे फोन नंबर एकमेकांना देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅप तेरा वर्षांखालच्यांसाठी नाही, हे आपण सोयीनं विसरतो. सगळी देवाणघेवाण दोन मोठ्या माणसांमधून होऊ द्या, इकडची एक ताई किंवा काका आणि तिकडचे गुरुजी. मुलांनी पाठवायच्या कागदावर फक्त पहिलं नाव. चेहऱ्यांचे फोटो फेसबुकवर टाकायचे नाहीत, काठीचे आणि सावलीचे खुशाल टाका. भारतात 2023 मध्ये झालेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. ती तिकडेही घ्या, इकडेही घ्या, आणि कागदावर घ्या. एप्रिल 2020 मध्ये इथल्या एका ऑनलाइन तासात अनोळखी माणसं घुसली आणि शिक्षण मंत्रालयानं काही दिवस शिक्षकांना झूम वापरायलाच बंदी केली होती, ते आठवत असेल. तेव्हा शेवटच्या कॉलला पासवर्ड ठेवा आणि लिंक ग्रुपवर टाकू नका.

हे सगळं कुणी करायचं? इथल्या सरकारी शाळेकडून मराठीतल्या प्रकल्पाची अपेक्षा ठेवता येणार नाही. पण सुट्टीच्या दिवशी भरणारे मराठीचे वर्ग आहेत, आणि तेही जवळ नसतील तर एकाच ब्लॉकमधली सहा-सात मुलं पुरतात. काठी रोवायला खेळाच्या मैदानाचा कोपरा चालतो. माती नसेल तर कुंडीत रोवा. तिकडची शाळा शोधायला संस्था लागत नाही. तुमच्या आईवडिलांच्या गावची शाळा घ्या, नाहीतर तुम्ही स्वतः जिथे शिकलात ती. नाव सांगितलं की गावात अजून ओळख निघते. बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात, ती आधी उतरवून घ्या, म्हणजे तिकडे त्या महिन्यात काय शिकवणं चालू आहे ते कळेल आणि बाईंना तुमचा प्रकल्प जादा ओझं वाटणार नाही. तिसरीच्या परिसर अभ्यासात आपल्या जिल्ह्याचा भूगोल असतो. आपल्या मुलांना जिल्हाच नाही. त्यांनी त्याच धर्तीवर 'आपला जिल्हा: सिंगापूर' असा धडा लिहून पाठवला तर तिकडच्या तिसरीला तो नक्की वाचावासा वाटेल.

मुख्याध्यापकांना पहिला निरोप लांबलचक पाठवू नका. आम्ही कोण, आमची मुलं किती आणि कितवीची, सहा आठवडे आठवड्यातून एकदा, तुमच्या शिक्षकांचा अर्धा तास जाईल, पैसे देणं-घेणं नाही, आणि पहिल्या आठवड्यात आम्हाला तुमच्या शाळेच्या अंगणातल्या काठीच्या सावलीची लांबी हवी आहे. एवढंच. फोन त्यांच्या दुपारच्या सुट्टीत करा, आपल्याकडे तेव्हा चार-साडेचार वाजलेले असतात. आणि सरांना किंवा बाईंना आधी विचारा की तुमच्या मुलांना आमच्याकडून काय मोजून हवं आहे. त्यांनी काय मागितलं ते आम्हालाही कळवा; पुढच्या भागात वाचून दाखवू.